गुलाबी बाटलीतला रिठा

१८ मार्च १९९९. पाडवा. सकाळी.

नवं वर्ष, नवी वही. गुढी उभारली, कडुलिंब-गूळ खाल्ला आणि संकल्प सोडला. यंदा आपल्या घरातला हात धुण्याचा प्रश्न कायमचा निकालात काढायचा.

कारण लिहून ठेवतो. मागच्या मे महिन्यात नात ईश्वरी पुण्याहून आली होती. आठवडाभर दुकानात, अंगणात, माझ्या पाठीवर. मग पोट बिघडलं. बीडला नेऊन सलाईन लावावी लागली. पोर एवढीशी झाली होती. सूनबाई रुद्राणीनं जाताना फक्त मोरीकडं बघितलं. ते बघणं अजून पोटात आहे.

आता काल मुलाचा, केदारनाथचा फोन, चौकातल्या एसटीडीवर. म्हणाला, आप्पा, रुद्राणी म्हणते घरात हात धुवायची सवय लागली असेल तर ईश्वरीला मे महिनाभर ठेवते, नाहीतर दोन दिवस भेटवून परत आणते.

घरात म्हणजे अर्थात हिला. (ही म्हणजे उमाबाई. वहीत नाव लिहायला काय हरकत आहे.) मी तर दिवसभर दुकानात असतो.

दुपारी.

बाटलीचं लिहायचं राहिलं. शिवरात्रीला केदार आला तेव्हा रुद्राणीनं त्याच्याबरोबर एक बाटली पाठवली होती. वर चोचीसारखा पंप, दाबला की गुलाबी साबण हातावर. अख्ख्या चौसाळ्यात असली ही पहिली. आली तशी संपली. का संपली यावर घरात दोन पक्ष आहेत. ही म्हणते, आल्यागेल्याला दाखवूनच संपवली तुमी. मी म्हणतो ते लोकशिक्षण होतं. दूधवाला, पोस्टमन, पिठाची गिरणीवाला, कोणाला कमी केलं नाही. प्रत्येकाच्या हातावर मी स्वतः दाबून दिलं.

संपेपर्यंत मोगऱ्याची पानं मात्र पिवळी पडली. मोरीचं पाणी मोगऱ्याला जातं. आपल्याकडं पाण्याला दोन कामं केल्याशिवाय सुट्टी नाही. हा मोगरा हिच्या माहेरचा, उमापूरहून आणलेला. इतकी वर्षं झाली, कधी अंग धरलं नाही, पण मेलाही नाही. ही म्हणाली, माझं माहेर वाळवताय व्हय साबणानं?

म्हणून असा साबण शोधायचा की ज्यानं हात स्वच्छ निघतील, झाड जगेल आणि बाटली तीच पुन्हा पुन्हा भरता येईल. मनावर घेतलं की आठ दिवसांचं काम.

२० मार्च.

निवड पूर्ण. दुपारी गिऱ्हाईक नसताना एकेकाचा निवाडा केला. साबणाची वडी बाद, कारण खालून लिबलिबीत आणि साऱ्या घराचे हात लागलेली; आधी वडीच धुवावी लागते. राखही बाद. कपाळाला लावायची वस्तू मोरीत कशी सोडायची? ही म्हणाली कपाळाची वेगळी, चुलीतली वेगळी. असेल, पण मन धजत नाही. कंपनीचा गुलाबी बाद, मोगरा साक्षीला आहे. शिवाय ती बाटली संपली की दुसरी बाटली घ्या म्हणतात. पहिलीचं काय करायचं ते सांगत नाहीत.

राहिला रिठा. झाडाचं फळ. झाडावरून आला, झाडाला गेला.

आपलं शिक्षण चौथी. पण पुड्या बांधायच्या रद्दीतलं एक अक्षर मी वाचल्याशिवाय सोडत नाही. परवा पर्यावरणावर लई चांगला लेख सापडला. अर्धाच होता, उरलेला अर्धा जिऱ्याबरोबर शेजारच्या वच्छलाबाईकडं गेला. पण अर्ध्यात लिहिलं होतं की तीच बाटली पुन्हा भरून वापरणं ही उद्याच्या जगाची चाल आहे. मला हसू आलं. आमच्या दुकानात तेलाला, रॉकेलला, काकवीला माणसं घरचीच बाटली आणतात. बापाच्या काळापासून आणतात. आपण पर्यावरणवाले आहोत हे मला साठीत, जिऱ्याच्या पुडीवरून कळलं.

ही म्हणाली, कावून, ते कोपऱ्यातलं पोतं खपंना म्हणून रिठा व्हय?

खुलासा. दुकानात रिठ्याचं पोतं पडून आहे हे खरं. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगायला लागलो तेव्हापासून बायका रिठा-शिकेकाईकडं ढुंकून बघत नाहीत. पण त्याचा निवडीशी काडीचा संबंध नाही. निवड आधी झाली, पोतं मागून आठवलं.

२२ मार्च. सकाळी सात.

रिठे रात्रीच भिजत घातले होते. आता उकळायला ठेवतो. हिला अंगणात बसवलं. शास्त्राच्या कामात लुडबूड नको.

साडेआठ.

उतू गेलं. दूध एकदा उतू जातं आणि गप बसतं. रिठ्याला थांबणं माहीत नाही. फेस ओट्यावरून जमिनीवर, जमिनीवरून उंबऱ्यावर. गॅस विझला. वच्छलाबाई साखर मागायला आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. म्हणाल्या, आप्पा, सैपाकघरात कुणाची गोधडी धुताव?

डोळे चुरचुरतायत. अक्षर दिसत नाही.

संध्याकाळी.

गाळून बाटलीत भरलं. रंग काकवीसारखा, वासाला जरा उग्र. हिला बोलावलं, हात पुढं कर म्हणालो, पंप दाबला. एक थेंब आला. दुसऱ्या दाबाला तोही नाही. पंपात रिठ्याची साल अडकली. कंपनीचा पंप गुलाबी मालावर लाडावलेला, गावरान माल त्याला पचत नाही. यात रिठ्याचा दोष नाही.

२५ मार्च.

स्टँडसमोर दस्तगीरकडं गेलो. स्टोव्ह, सायकल, फवारणीचा पंप, हाताला लागेल ते दुरुस्त करतो. चौथीपर्यंत आम्ही दोघं एका फळीवर बसलो. त्यानं बाटलीचा पंप काढला, फुंकला, कानाशी धरून हलवला. म्हणाला, आप्पा, इसकी स्प्रिंग में दम नै. मग फवारणीच्या पंपाची स्प्रिंग कापून त्यात बसवली, भोक मोठं केलं.

आता दम आला. पहिली धार मोटारीच्या दुकानाच्या कॅलेंडरवर, एप्रिल महिना पूर्ण भिजला. दस्तगीर म्हणाला, काय बे आप्पा, हात धुवायचेत का कापसावर मारायचंय?

मग त्याच्याच हातावर प्रयोग केला. दस्तगीरचे हात म्हणजे ग्रीस, काजळी आणि वर परत ग्रीस. त्याची बायको खतीजाभाभी म्हणते, ईदलासुद्धा हा हात पुसतो, धुवत नाही. दोन धारा मारल्या. चोळ म्हणालो. तो चोळत राहिला, फेस काळा झाला, आणि खालून माणसाचे हात निघाले. तो बघतच राहिला. अंगठ्याजवळचा एक व्रण दाखवून म्हणाला, अरे, ये तो है अभी! मला वाटलं हा कधीच गेला.

एवढं मोठं प्रमाणपत्र कुठल्या कंपनीला मिळालं असेल?

मग म्हणाला, आता तुझे दाखव. मी म्हणालो, अरे, वाण्याचे हात, गूळ-साखरेतले. त्यांना काय धाड भरलीय? आणि मोटारीचा विषय काढला.

३० मार्च.

रिठा नासला. उन्हानं बाटली फुगली होती. पंप हात न लावता आपोआप वर आला आणि भिंतीवर जाऊन बसला. वास तर असा की मांजरानं मोरीचा रस्ता सोडला.

मी त्यात मीठ, लिंबू, कडुलिंबाचा पाला घालून बघायचा विचार मांडला. पिठाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला टाकला तर किडे होत नाहीत, हा माझा मुद्दा. हिनं काही ऐकून घेतलं नाही. म्हणाली, रोजच्या रोज थोडं करायचं, ताक करताव तसं. ताकाला कोणी वर्षभराचं भरून ठेवतं का?

रात्रभर विचार केला. शेवटी मीच ठरवलं की रिठ्याचं पाणी रोजच्या रोज थोडंथोडंच करायचं.

चांगली बातमी: मोगऱ्याला नवी पालवी. पानावरची कीडही गेली. ही सकाळी त्याच्यापाशी उभी होती, मला बघून आत गेली. हसत होती हे मी पाहिलं.

६ एप्रिल.

आजचं लिहू की नको. लिहितो. वही आपलीच आहे.

घरात गरम होतं म्हणून रिठ्याचं पाणी मी दुकानात ठेवायला लागलो. करडईच्या तेलाच्या डब्याशेजारी, तसल्याच डब्यात. जागा थंड आहे, निवड बरोबरच होती. काल संध्याकाळी लाइट गेली. चिमणी लावून बसलो होतो. हिनं भरायला पाठवलेली पंपाची बाटली फळीवर उभी. तेवढ्यात वच्छलाबाईंनी तेलाची बाटली आणून शेजारी ठेवली, म्हणाल्या, भरून ठेवा, येते दळण घेऊन.

चाळीस वर्षांचा हात. फळीवर बाटली दिसली की भरतो. त्याला डोळे लागत नाहीत. माझा हात मोजण्यात चुकलेला नाही, हे इथं नमूद करतो. दोन्ही बाटल्या काठोकाठ भरल्या. फक्त डबे बदलले.

रात्री जेवण झाल्यावर ही मोरीवरून म्हणाली, आज तुमचा साबण लई मऊ झालाय. मला बरं वाटलं. मग म्हणाली, पण निघंना.

आणि आज सकाळी वच्छलाबाई झारा घेऊनच दुकानात. त्यांचे जावई आले होते, भजी टाकली होती. म्हणाल्या, भजी दिसंनाशीच झाली आप्पा! नुसता फेस! जावई म्हणतो मामी, हा कुठला पदार्थ? चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर म्हणाल्या, तुमचं तेल मातर लई गुणाचं. तळून झालं की कढई घासायचं काम न्हाई.

तेल बदलून दिलं, वर शेंगदाणे दिले. जावयासाठी श्रीखंडाच्या गोळ्या दिल्या. जावई चांगला निघाला, म्हणे हसत होता.

सगळा दोष वीज मंडळाचा.

१२ एप्रिल.

शिस्त हवी. साबण कितीही चांगला असला तरी माणसाला धाक लागतो. पाटीवर निळ्या रंगानं अक्षरं काढली आणि मोरीवर ठोकली:

हात धुतल्याशिवाय कोणासही काहीही खायला मिळणार नाही. सबब कोणतीही चालणार नाही. हुकुमावरून.

'हुकुमावरून'मुळं वजन आलं.

दिवसभर मोरीपाशी लक्ष ठेवलं. दूधवाल्याला चहाच्या आधी धुवायला लावले. तो म्हणाला, आप्पा, मी दूध घालाया आलोय, जेवाया न्हाई. तरी धुवायला लावले. हिला शेण-गोवरीनंतर, पिठानंतर, केर काढल्यानंतर धुवायला लावले. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान... तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. पुढचं ऐकायला थांबलो नाही. पण ब्रह्मज्ञान म्हणाली. तिच्या तोंडून आजवर एवढं मोठं कधी निघालं नव्हतं.

माझं म्हणशील तर (कोणाला सांगतोय मी?), मी पहाटे अंघोळ करतो, विभूती लावतो, लिंगपूजा करतो. तेव्हा हात असे धुतले जातात की दिवसभर पुरतात. शिवाय मला दुकानातून घरात, घरातून दुकानात दर घटकेला यावं लागतं. प्रत्येक वेळी धुवत बसलो तर दुकान कोण बघणार?

१९ एप्रिल.

पुण्याला फोन लावला. केदार कामावर गेलेला, रुद्राणी बोलली. मी सगळं सांगितलं. रिठा, पंप, पाटी, मोगरा. दस्तगीरचा व्रण. वच्छलाबाईंचं सोडून सगळं. ती हसली. पोरगी मनमोकळी आहे, फक्त कधी कधी एकदम मुद्द्यावर येते. म्हणाली, आत्याबाई धुतात हे मला माहीत आहे. आप्पा, तुम्ही धुता ना?

लाइन खराब होती. मला नीट ऐकू आलं नाही. मी हॅलो हॅलो म्हणालो आणि ठेवला.

एसटीडीवाला म्हणाला, आप्पा, लाइन तर चांगली होती.

त्याला काय कळतं.

२८ एप्रिल.

आंब्याची अढी घातली. ईश्वरीसाठी झोका बांधला. गूळ नवा आणला, पिवळाधमक. पोरीला गूळ फार आवडतो. गेल्या वर्षी दिवसभर दुकानात यायची, 'आप्पा, आ' म्हणून तोंड उघडायची आणि मी खडा टाकायचो. तेल मापता मापता, रॉकेल ओतता ओतता एक हात तिच्यासाठी मोकळाच असायचा. आजोबाच्या हातच्या गुळाची गोडी वेगळी.

आता ती गोडी महिनाभर मिळायची की दोनच दिवस, हे मोरीवर ठरायचं आहे. पंप पन्नास वेळा दाबून बघितला. मोरी आता इतकी निसरडी झाली आहे की ही भिंत धरून चालते.

२ मे. रात्री.

आली! काल निकाल लागला, पहिलीतून दुसरीत गेली. दात पडलेत पुढचे. त्या फटीतून बोलते. अक्षरं वाचायला शिकली आहे, बसमधून चौसाळ्यापर्यंतच्या सगळ्या पाट्या वाचत आली म्हणे.

केदार आणि रुद्राणी परवा सकाळच्या गाडीनं परत. ईश्वरीची पिशवी अजून सोडलेली नाही. दारामागं तशीच ठेवली आहे. मी तिकडं बघत नाही असं दाखवतो.

रुद्राणीनं मोरी बघितली, पाटी बघितली. मोगऱ्याला हात लावून म्हणाली, आत्याबाई, हा किती सावरला! बाटली दाबली, धार तिच्या साडीवर गेली. म्हणाली, आप्पा, हिला जोर आहे. मी म्हणालो, फवारणीची स्प्रिंग आहे.

तिनं हात धुतले, वास घेतला. मान हलवली. आपण पास, असं माझ्या मनानं घेतलं.

३ मे. संध्याकाळी सहा.

घडलं ते जसंच्या तसं लिहितो. फार लांबवत नाही.

दुपारी सगळे अंगणात. हिनं हात धुतले, केदारनं धुतले. दस्तगीर पोरीला बघायला कलिंगड घेऊन आला, त्यानंही न सांगता धुतले. वर म्हणतो, आप्पाचा हुकूम हाय. मी दुकानाच्या दारातून बघत होतो. छाती भरून आली. एका गिऱ्हाइकाला रॉकेल ओतून दिलं, गुळाच्या ढेपेतला चांगला खडा फोडला आणि तसाच अंगणात आलो. म्हणालो, ईश्वरी, आ कर.

तिनं तोंड मिटलं.

मी म्हणालो, आ. ती मान हलवायला लागली. मग पाटीकडं बोट करून एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचायला लागली. हात. धुतल्या. शिवाय. कोणासही. दात नसल्यामुळं 'सबब'ला फार वेळ लागला. 'हुकुमावरून' संपलं आणि म्हणाली, आप्पा, हात दाखवा.

मी हात मागं घेतला. ती पाठीमागं आली. हात ओढून वास घेतला आणि नाक मुरडलं. म्हणाली, आप्पा, हा तर कंदिलाचा वास!

सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मीही बघितलं. नखात गूळ, गुळावर तंबाखूची भुकटी, सगळ्यावर रॉकेल. दुकानात उजेड कमी असतो, त्यामुळं आजवर लक्षात आलं नसावं.

दस्तगीर हळूच म्हणाला, वाण्याचे हात हायेत बाबा. गूळ-साखरेतले.

रुद्राणी उठली. आत गेली. दारामागच्या पिशवीचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. ही माझ्याकडं बघत नव्हती, मोगऱ्याकडं बघत होती. गेल्या वर्षीची सलाईनची नळी आठवली. त्या बारक्या हाताला लावलेली. तेव्हा मी दवाखान्याच्या पाण्याला शिव्या दिल्या होत्या, वडापवाल्याच्या जीपला दिल्या होत्या.

मी मोरीपाशी गेलो. बाटलीसमोर उभा राहिलो. एवढ्या जणांच्या हातावर दाबून दिलं, पण आपल्या हातावर कुठून दाबायचं हे काही केल्या सुचेना. एका हातात गूळ, दुसरा पंपावर, मग धार कुणी झेलायची? शेवटी गूळ तोंडात टाकला आणि पंप जोरात दाबला. चोच माझ्याकडं होती. धार थेट चष्म्यावर, उरलेली तोंडात. गुळाला रिठा लागला. तोंडाला फेस आला. मागं सरकलो, मोरी निसरडी, बसलो.

पहिली हसली रुद्राणी. दारात उभी होती, हातात ईश्वरीचे फ्रॉक. मग सगळे. दस्तगीर तर कलिंगडावर डोकं टेकून हसला.

हिनं मला उठवलं. ईश्वरी बादलीवर चढली, माझे दोन्ही हात धरले, एकेक बोट चोळलं. शाळेत बाईंनी शिकवलंय म्हणे, आधी तळवे, मग बोटांच्या मधलं, मग नखं. पाणी काळं निघालं. दस्तगीरपेक्षा थोडं कमी, असं मला वाटतं. दस्तगीरचं मत वेगळं पडलं.

रुद्राणी म्हणाली, फ्रॉक कपाटात ठेवते. पिशवीत चुरगळलेत.

एवढंच म्हणाली. मग जाता जाता, ईश्वरी, आप्पांचे हात आता तुझ्याकडं.

९ मे.

केदार-रुद्राणी चार तारखेलाच गेले. ईश्वरी आहे. पोट ठणठणीत.

दुकानात काम होत नाही. रॉकेल दिलं की धुवा. तंबाखू दिली की धुवा. गिऱ्हाईक उभं असतं आणि ती हाक मारते. परवा पिठाची गिरणीवाला म्हणाला, आप्पा, हजेरी लागली का? त्याला धुवायला लावावं म्हटलं तर तो आधीच धुवून आला होता.

पंप माझ्यासाठी फार जोरदार आहे अशी सबब काढून बघितली. तिनं पाटी वाचून दाखवली. सबब कोणतीही.

१५ मे.

आज तपासणीत नापास. अंगठ्याचं नख राहिलं. गूळ मिळाला नाही. माझ्याच दुकानातला गूळ, माझ्याच ढेपेचा. ही बाजूला उभी राहून बघत होती. ब्रह्मज्ञानाच्या पुढचं आज पूर्ण म्हणून दाखवलं तिनं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

रिठ्याचं पोतं निम्मं संपलं. विकलं गेलं नाही. माझ्या हातांना लागलं.

२३ मे. सकाळी.

मोगरा फुलला. इतकी वर्षं मेला नाही नि जगला नाही, तो आज पांढराशुभ्र. अंगणात पाय ठेवला की वास. ईश्वरीनं ओंजळभर फुलं वेचली, हिच्या अंबाड्यात खोवली. ही लाजली. मी म्हणालो, बघ, रिठ्याचा गुण. माझी निवडच तशी होती.

ही म्हणाली, रिठ्याचा कशाचा? साऱ्या जन्माचं खत बिचाऱ्याला एका महिन्यात मिळालं.

यावर सडेतोड उत्तर तयार आहे. इथंच लिहून ठेव

शाई पसरली. हात ओले आहेत.